सॅटेलाइट रेडिओ भेट द्यायचाय? आधी त्या माणसाचा रस्ता बघा

भाऊजींना दिलेला सॅटेलाइट रेडिओ जाताना मुका असायचा आणि येताना बोलायचा.

माझे धाकटे दीर नेब्रास्कात पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतात. आठवड्यातले तीन-चार दिवस ग्रँड आयलंडहून हायवे २ धरायचा, ब्रोकन बो गाठायचं आणि तिथून उत्तरेला सँडहिल्समध्ये शिरायचं. सँडहिल्स म्हणजे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्या, मैलोनमैल तेच. फोनची रेंज मध्येच जाते, एफएम स्टेशन तासाभरात खरखरायला लागतं आणि एएमवर मक्याचे नि गुरांचे भाव तेवढे ऐकू येतात. अशा माणसाला नाताळच्या सुट्टीत सॅटेलाइट रेडिओ द्यायचा, हे मी आणि ह्यांनी ठरवलं. रेडिओ आणला, घरासमोर उभ्या असलेल्या त्यांच्या पिकअपमध्ये लावला, वाजवून पाहिला, सगळं झकास. पंधरा दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, हे काय गौडबंगाल आहे? कामावर जाताना रेडिओ बंद, घरी येताना चालू."

बाहेर बर्फ होता म्हणून आम्ही अँटेना टपावर न लावता आतच, डॅशबोर्डवर, समोरच्या काचेखाली ठेवली होती. या रेडिओचे उपग्रह अमेरिकेतून बघितलं तर दक्षिणेच्या आकाशात असतात. गाडी उत्तरेकडे निघाली की अँटेना आणि उपग्रह यांच्यामध्ये गाडीचा लोखंडी टप यायचा. परतताना गाडीचं तोंड दक्षिणेला, काचेतून आकाश मोकळं, म्हणून रेडिओ वाजायचा. आणि आमच्या घरासमोर गाडी नेमकी दक्षिणेकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे तपासणीत काहीच कळलं नव्हतं.

तेव्हापासून ओळखीत कुणी हा रेडिओ भेट द्यायचा म्हटलं की आधी मला फोन करतं. मी दर वेळी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. दुकानात कुठलं मॉडेल स्वस्त आहे हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, तो माणूस कुठल्या रस्त्याने, कुठल्या गाडीने आणि काय ऐकत जातो.

हे प्रकरण नेमकं काय आहे

अमेरिकेत सॅटेलाइट रेडिओ म्हणजे आज एकच कंपनी, सिरियस एक्सएम. सुरुवातीला दोन होत्या. एक्सएमची सेवा २००१ च्या सप्टेंबरात सुरू झाली, सिरियसची २००२ मध्ये, आणि २००८ च्या जुलैत दोन्ही एकत्र झाल्या. एक्सएमच्या पहिल्या दोन उपग्रहांची नावं 'रॉक' आणि 'रोल' अशी होती. हे उपग्रह विषुववृत्तावर साधारण ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याच्याच वेगाने फिरतात, म्हणून आपल्याला ते आकाशात एका जागी टांगल्यासारखे असतात. मोठ्या शहरांत उंच इमारती आड येतात, तिथे कंपनीने जमिनीवरही प्रक्षेपक उभारले आहेत.

यातून भेट देणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक, हा सिग्नल वरून येतो, त्याला फोनच्या टॉवरची गरज नाही; म्हणून नेवाडाच्या वाळवंटात किंवा वायोमिंगच्या पठारावरही तो मिळतो. दुसरी, त्याला मोकळं आकाश लागतं. पुलाखालून भर्रकन गाडी गेली तर काही होत नाही, कारण तोच कार्यक्रम दोन वाटांनी काही सेकंदांच्या अंतराने येतो आणि रेडिओ थोडा साठा जवळ ठेवतो. पण बोगदा, पार्किंगचा तळमजला, दाट झाडीची उंच भिंत किंवा खोल दरी आली की आवाज जातो.

सेवा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणि कॅनडाच्या दक्षिण भागात चालते. हवाईत राहणाऱ्या नातेवाइकाला हा रेडिओ घेऊ नका. कॅनडात राहणाऱ्याला द्यायचा असेल तर रेडिओ तिथूनच घ्या आणि वर्गणीही तिथल्याच कंपनीकडे भरा. तिथला कारभार आणि हिशेब वेगळा आहे.

द्यावा की देऊ नये

आधी त्या माणसाची गाडी बघा. गेल्या कित्येक वर्षांत अमेरिकेत विकल्या गेलेल्या बऱ्याच गाड्यांत हा रिसीव्हर कारखान्यातूनच बसवून येतो आणि सुरुवातीला काही महिने फुकटही मिळतो. मालकाला ते माहीत असतंच असं नाही. गाडीच्या स्टिरिओवर एएम, एफएमच्या शेजारी 'एसएक्सएम' किंवा 'सॅट' असं बटण दिसलं, तर वेगळा रेडिओ घेण्यात अर्थ नाही. सरळ वर्गणी भेट द्या. माझ्या मैत्रिणीने भाऊबीजेला भावासाठी अख्खा रिसीव्हर घेतला होता, आणि त्याच्या गाडीत तो आधीपासून होता! खोका परत गेला, वर्षभराची वर्गणी दिली, भाऊ खूश.

मग रस्ता बघा. रोज अर्धा तास शहरातून ऑफिसला जाणाऱ्याला, ज्याच्या फोनला सगळीकडे रेंज आहे, त्याला या डब्याची गरज नाही. सिरियस एक्सएमच्याच बहुतेक वाहिन्या फोनच्या ऍपवर ऐकता येतात. हा रेडिओ खरा उपयोगी पडतो तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवणाऱ्यांना, गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञांना, सुट्ट्यांत यलोस्टोनसारख्या ठिकाणी मोटारहोम घेऊन जाणाऱ्यांना, आणि शेतावर किंवा रेंज नसलेल्या केबिनमध्ये राहणाऱ्यांना.

तिसरं म्हणजे कान. यात मराठी वाहिनी नाही. नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग यासाठी फोनमध्ये गाणी भरून ठेवलेलीच बरी. हे मी आधीच सांगते, कारण आई-बाबा इकडे सहा महिन्यांसाठी येणार म्हणून त्यांच्या करमणुकीला हा रेडिओ घेणारे लोक मी पाहिलेत. आई-बाबांनी चार दिवस तो कौतुकाने ऐकला आणि मग बंद करून ठेवला. उलट ज्याला बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल यांचं धावतं वर्णन आवडतं, ज्याला जाझ, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, ऑपेरा, साठच्या दशकातली इंग्रजी गाणी किंवा बातम्या हव्यात, त्याच्यासाठी हे भांडार आहे. मेट्रोपॉलिटन ऑपेराची स्वतंत्र वाहिनी आहे, बीटल्सची आहे, ट्रकचालकांसाठी 'रोड डॉग ट्रकिंग' आहे, लहान मुलांसाठी 'किड्स प्लेस लाइव्ह' आहे. भाऊजींना आधी बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आता कॅन्सस सिटी रॉयल्सचा सामना असला की ते घरी पोचूनही गाडीतून उतरत नाहीत.

शंका असेल तर त्यांना आधी ऍपची चाचणी मुदत वापरायला सांगा. महिनाभरात त्यांनी तीन वाहिन्या पाठ केल्या, तर भेट जमली.

गाडीत बसून पाच मिनिटं

आश्चर्याचा धक्का द्यायचा असला तरी एकदा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसा. वाण्याकडे जायचं, मुलांना आणायला जायचं, काहीही चालेल. बसल्या बसल्या एवढं टिपून घ्या: स्टिरिओला ऑक्सचं, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरीने जोडायचं, गोल भोक आहे का? ब्लूटूथने गाणी वाजतात का? नुसता फोन जोडला जाणं वेगळं आणि गाणी वाजणं वेगळं. जुन्या काही गाड्यांत ब्लूटूथ फक्त बोलण्यापुरतं असतं. सिगारेट लायटरचं सॉकेट कुठे आहे, आणि त्यात आधीच फोनचा चार्जर खोचलेला आहे का? रिसीव्हर चिकटवायला जागा कुठे आहे? एअरबॅगच्या झाकणावर किंवा ड्रायव्हरच्या नजरेच्या आड काही येता कामा नये. आणि उतरताना टपावर हात फिरवा. टप पत्र्याचा आहे, काचेचा आहे, की फायबरचा? जमलं तर खिशातलं एक लहान चुंबक लावून बघा.

हे चुंबक मला भाऊजींच्या दुसऱ्या पिकअपने शिकवलं. फोर्डच्या एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमची आहे आणि अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. या रेडिओची गाडीची अँटेना मात्र चुंबकानेच टपाला चिकटते.

रिसीव्हरचे प्रकार

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे गाडीत लावून घरी नेता येणारा सुटा रिसीव्हर. ऑनिक्स ईझेडआर हा त्यातला साधा: मोठी अक्षरं, थोडी बटणं. साठीच्या पुढच्या माणसाला मी डोळे मिटून हाच सुचवते. ऑनिक्स प्लसमध्ये चालू कार्यक्रम थांबवता येतो, मागे नेता येतो. पेट्रोल भरायला उतरलं तरी सामना चुकत नाही. हे रिसीव्हर गाडीतल्या डॉकमधून, म्हणजे त्यांना बसवायच्या खाचेतून, काढून घरच्या डॉकमध्ये बसवता येतात, आणि रिसीव्हर एकच असल्यामुळे वर्गणीही एकच लागते. भेट देणाऱ्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. दोन रेडिओ घेतले तर दोन्हींची वर्गणी वेगवेगळी भरावी लागते.

रोडी बीटी लहानसा आहे आणि ब्लूटूथने गाडीच्या स्टिरिओला जोडता येतो. टूर नावाचा रिसीव्हर उपग्रह आणि इंटरनेट दोन्ही वापरतो: वाय-फाय किंवा फोनचा हॉटस्पॉट दिला की जास्त वाहिन्या आणि जुने कार्यक्रम मिळतात, रेंज गेली की उपग्रहावर चालत राहतो. तंत्रज्ञानाची हौस असलेल्या माणसाला टूर आवडेल. ज्याला फोनचा हॉटस्पॉट लावायचाही कंटाळा येतो, त्याला टूर देणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

कायमचा बसवायचा प्रकार वेगळा. कमांडर टचचा छोटा पडदा डॅशबोर्डवर आणि मुख्य डबा आत लपलेला. तो बसवायला गाडीच्या ऑडिओचं काम करणारा माणूस लागतो. ज्याला भेट द्यायची आहे त्याने स्वतःच आधी पायोनियर, केनवुड, अल्पाइन असा नवा स्टिरिओ बसवलेला असेल आणि त्याच्या खोक्यावर 'सिरियस एक्सएम रेडी' लिहिलेलं असेल, तर फक्त एसएक्सव्ही३०० नावाचा ट्यूनर आणि अँटेना पुरते. सगळी बटणं स्टिरिओचीच, वायरींचा पसारा नाही. भेट म्हणून ही सर्वांत नेटकी आहे, पण तिच्यासोबत बसवण्याची मजुरीही तुम्हीच द्या, नाहीतर खोका गॅरेजच्या फळीवर पडून राहतो.

साधे रिसीव्हर शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतात. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलमध्ये किमती बऱ्याच उतरतात, पण तिथे एक मेख असते, ती वर्गणीच्या भागात सांगते. खोक्यावर 'व्हेइकल किट' आहे की नुसता रिसीव्हर, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसत्या रिसीव्हरमध्ये डॉक, वायर, अँटेना काहीच नसतं.

आवाज स्पीकरपर्यंत कसा पोचणार

ऑक्स असेल तर ऑक्स. आवाज स्वच्छ, कटकट शून्य. एक वायर, दोन टोकं, झालं. ती वायर खोक्यात आहे का तेवढं बघा.

ब्लूटूथ असेल आणि रिसीव्हर त्याला जोडता येत असेल, तर तेही उत्तम. पण त्या माणसाचा फोनही त्याच ब्लूटूथवर असेल, तर गाडी दर वेळी कुणाला आधी धरते हे एकदा बघून ठेवा.

दोन्ही नसेल तर रिसीव्हर स्वतःच एक चिमुकलं एफएम स्टेशन होतो आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. यात युक्ती एकच, रिकामी जागा शोधणं. गाडीचा एफएम फिरवत जायचं आणि जिथे फक्त एकसारखी सूं ऐकू येते, कुजबुजसुद्धा नाही, ती फ्रिक्वेन्सी रिसीव्हरलाही द्यायची. गावात रिकामी असलेली जागा शंभर मैलांवर भरलेली असू शकते. म्हणून त्यांच्या नेहमीच्या वाटेवरच्या दोन-तीन रिकाम्या जागा शोधून गाडीच्या बटणांवर साठवून ठेवा. सतत राज्य ओलांडणाऱ्या ट्रकवाल्याला एफएमचा मार्ग देऊ नका, तो वैतागतो. एफएमच्या अँटेनाच्या वायरीत बसवायचा जोडही मिळतो, त्याने आवाज बराच सुधारतो, पण त्यासाठी स्टिरिओ बाहेर काढावा लागतो.

आणि वीज. रिसीव्हरसोबत आलेलाच चार्जर वापरायचा. जुन्या मॉडेलचा किंवा फोनचा दिसायला सारखा चार्जर खोचला तर व्होल्टेज वेगळं असू शकतं आणि रिसीव्हर जळू शकतो.

अँटेना: इथे सगळा वेळ घाला

भेट फसते ती इथेच. अँटेना साबणाच्या वडीहून लहान असते, काळी, खाली चुंबक, एक लांब बारीक वायर. तिची जागा गाडीच्या बाहेर, टपावर. कडेपासून निदान तीन इंच आत, म्हणजे आपल्या हाताची चार बोटं आडवी ठेवून जेवढं होतं तेवढं. सनरूफपासून आणि सामानाच्या रॅकपासूनही दूर. भोवती सपाट पत्रा असला की ती नीट काम करते. अगदी काठावर ठेवली की एका बाजूचा सिग्नल हरवतो.

टपाची जागा आधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. मिठाचा, वाळूचा कण खाली राहिला तर वर्षभरात रंगावर गोल ओरखडा उठतो. अमेरिकेच्या उत्तरेला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हे विशेष जपा.

मग वायर. पिकअप असेल तर मागच्या काचेच्या कडेने, साधी कार असेल तर मागच्या काचेच्या रबराखालून डिकीत, तिथून मागच्या सीटखालून पुढे. दाराची रबरी पट्टी बोटाने हलकेच उचलायची, तिच्या पोटात वायर दाबत जायचं आणि पट्टी परत बसवायची. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, वायरीचं साल निघतं. त्यासाठी मी जुनं प्लास्टिकचं उलथनं ठेवलंय. दार ज्या बिजागरीवर फिरतं तिथे वायर ताणलेली नको आणि दार मिटताना चेपायलाही नको. उरलेली वायर कापायची नाही. सैल वेटोळं करून रबरबँड लावायचं आणि सीटखाली सरकवायचं. शेवटी गाडी धुवायच्या केंद्रात जाताना अँटेना काढावी लागते, हे त्यांना सांगून ठेवा. मोठे ब्रश ती उपटून नेतात.

टप अॅल्युमिनियमचा असेल तर चिकटवायची धातूची चकती मिळते, ती आधी लावून तिच्यावर अँटेना ठेवायची. टप काचेचा असेल तर डिकीच्या झाकणाचा सपाट भाग बघा. ट्रक आणि मोटारहोमचा टप बहुधा फायबरचा असतो. ट्रकसाठी आरशाच्या दांड्यावर लावायची अँटेना वेगळी मिळते, तीच घ्या.

काचेच्या आत ठेवायचीच झाली, तर तात्पुरती. काही काचांत उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो, त्यातून सिग्नल येतच नाही. आणि आमच्यासारखं जाताना मुका, येताना बोलका होतो.

लावून झालं की गाडी मोकळ्या मैदानात न्या आणि चारही दिशांना तोंड करून दोन-दोन मिनिटं उभी करा. रिसीव्हरच्या मेनूत सिग्नलचे पट्टे दिसतात. चारही वेळा पट्टे जवळपास सारखे आले की अँटेना बरोबर बसली. शहराच्या मध्यभागी ही तपासणी करू नका, तिथे जमिनीवरचा प्रक्षेपक जवळ असला तर चुकीची अँटेनाही उत्तम वाजते. आम्ही वसंतात अँटेना टपावर नेली, चार दिशांची ही फेरी केली आणि त्यानंतर भाऊजींचा त्या कारणाने फोन आलेला नाही.

घरात ऐकायचा असेल तर

आपण घर घेताना दक्षिणेकडचं दार टाळतो. इथे मात्र दक्षिणेचीच खिडकी हवी. देशाच्या पूर्व भागात असाल तर अँटेनाचं तोंड थोडं नैर्ऋत्येला, पश्चिम भागात असाल तर थोडं आग्नेयेला. जितकं उत्तरेला जाल तितके उपग्रह क्षितिजाकडे झुकलेले, त्यामुळे मिनेसोटात समोरच्या इमारतीचा जेवढा अडथळा होतो तेवढा टेक्ससमध्ये होत नाही. पानगळीत छान वाजणारा रेडिओ मे महिन्यात समोरच्या मेपलला पालवी फुटल्यावर रुसतो, हे सुट्टीत भेट देणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

ज्याच्या फ्लॅटला दक्षिणेची खिडकीच नाही आणि ज्याच्याकडे वाय-फाय आहे, त्याला घरासाठी इंटरनेटवर चालणारा रेडिओ किंवा स्मार्ट स्पीकर द्या. त्यात उपग्रहाचा अट्टहास नको.

वर्गणी

रेडिओ एकदाच घ्यायचा असतो, वर्गणी मात्र दर महिन्याला. भेट देताना लोक पहिला आकडा बघतात आणि दुसऱ्याचा भार ज्याला भेट दिली त्याच्यावर पडतो. मला हे बरोबर वाटत नाही. दिवाळीचा फराळ देताना डब्यात चकल्या घालून आपण त्याचं बिल सोबत ठेवतो का? निदान पहिलं वर्ष तुमच्याकडून भरलेलं असू द्या.

सेलमधली मेख ही: रिसीव्हर फार स्वस्त किंवा फुकट दिसला तर बहुधा त्यासोबत ठरावीक मुदतीची वर्गणी घेणं बंधनकारक असतं. ते वाईटच असतं असं नाही, पण घेण्याआधी कागदावर तीन आकडे लिहून काढा. सवलतीचा काळ किती महिने आणि किती डॉलर. तो संपल्यावर दर महिना किती. आणि वर संगीताच्या स्वामित्वशुल्काची वेगळी रक्कम व कर किती, कारण जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात ते बहुधा धरलेले नसतात. तिन्ही आकडे विक्रेत्याला विचारून, वर्षाचा एकूण खर्च मांडून मगच कार्ड द्या.

मुदत संपली की वर्गणी आपोआप पुढे चालू होते आणि कार्डावर पूर्ण दराने पैसे लागतात. म्हणून सुरू केली त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या तीन आठवडे आधीची आठवण लावा. त्या वेळी कंपनीला फोन करून किंवा चॅटवर "मला इतका दर परवडत नाही, बंद करायचंय" असं शांतपणे सांगितलं की कित्येकदा कमी दराचा प्रस्ताव येतो. बंद करणं पूर्वी फार किचकट होतं. न्यूयॉर्क राज्याच्या ऍटर्नी जनरलनी २०२३ च्या डिसेंबरात यावरून कंपनीवर खटला भरला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने रद्द करण्याची ती लांबलचक पद्धत कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. तरीही फोनवर बोलताना तारीख, वेळ आणि मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवायची सवय चांगली.

खातं कुणाच्या नावावर? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी तुमच्या नावावर, तुमच्या कार्डावर. वर्ष संपताना त्यांना विचारा, ऐकता का? ऐकत असतील तर खातं त्यांच्याकडे सोपवा, नसतील तर बंद करा. वडीलधाऱ्या माणसाला कस्टमर केअरशी झगडायला लावू नका.

सेकंडहँड आणि 'लाइफटाइम'

जुने रिसीव्हर ऑनलाइन भरपूर विकायला असतात, काहींवर 'लाइफटाइम वर्गणीसह' असं लिहिलेलं असतं. एके काळी कंपनी अशी आजन्म वर्गणी देत होती हे खरं. पण ती कुणाला आणि कशी हस्तांतरित होते याच्या अटी आहेत, आणि विकणाऱ्याने पुढे काही केलं तर तुमच्या हातात काही उरत नाही. भेट द्यायला जुना घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडून रेडिओ आयडी, म्हणजे त्या रेडिओचा ओळख क्रमांक, मागून घ्या, कंपनीला फोन करा आणि हा रेडिओ आज नवीन खात्यावर सुरू होऊ शकतो का, एवढं पैसे देण्याआधी विचारा. खूप जुने, फक्त सिरियसचे किंवा फक्त एक्सएमचे असलेले रिसीव्हर भेटीला घेऊ नका.

भारतात पाठवायचा विचार असेल तर

नका. या उपग्रहांचा झोत भारतावर पडत नाही. रिसीव्हर तिकडे नुसता डबा आहे. आपल्याकडे वर्ल्डस्पेसची सेवा होती, २००० साली सोडलेल्या एशियास्टार उपग्रहावरून. तिच्या गंधर्व वाहिनीवर दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत असायचं आणि पुण्यातल्या कित्येक घरांत गच्चीवर तिची छोटी अँटेना होती. ती सेवा ३१ डिसेंबर २००९ ला भारतात बंद झाली. माझ्या मामांनी तो रिसीव्हर अजून कपाटात जपून ठेवलाय. तेव्हा आई-बाबांना पुण्या-नागपुरात रेडिओची भेट द्यायची असेल तर डीडी फ्री डिश बसवून द्या. दूरदर्शनसोबत आकाशवाणीच्या वाहिन्याही त्यावर येतात आणि महिन्याची वर्गणी नाही. फोन वापरणाऱ्यांना आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ऍप पुरतं.

भेटीच्या दिवसाची तयारी

आम्ही आणखी एक चूक केली होती. सगळं तयार असावं म्हणून वर्गणी १ डिसेंबरलाच सुरू केली आणि खोका नाताळपर्यंत कागदात गुंडाळलेला राहिला. चोवीस दिवस गेले. वर्गणी सुरू न करताही रेडिओ तपासता येतो: १ नंबरच्या वाहिनीवर कंपनीचा नमुन्याचा कार्यक्रम बहुधा विनावर्गणी ऐकू येतो. तो स्वच्छ ऐकू आला म्हणजे रिसीव्हर आणि अँटेना दोन्ही ठीक.

मग शून्य नंबरची वाहिनी लावा. पडद्यावर रेडिओ आयडी दिसतो, आठ किंवा बारा अक्षरांचा. खोक्यावरही तो छापलेला असतो, दोन्ही जुळवून बघा. त्यात इंग्रजी आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं तर शून्य समजा, पाचासारखं दिसलं तर पाचच. फोनवर आयडी सांगताना इथेच घोळ होतो. आयडीचा फोटो काढून ठेवा.

भेट उघडली की त्याच दिवशी, गाडी उघड्यावर उभी करून, रेडिओ १ नंबरवर चालू ठेवून वर्गणी सुरू करा. सगळ्या वाहिन्या यायला काही मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. तोपर्यंत रेडिओ बंद करायचा नाही आणि गाडी गॅरेजमध्ये न्यायची नाही. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर फार वेळ बसू नका, कडाक्याच्या थंडीत जुनी बॅटरी दम सोडते. नाही आल्या तर कंपनीच्या संकेतस्थळावरून सिग्नल पुन्हा पाठवता येतो. दुकानाची पावती जपा. सुट्ट्यांतल्या खरेदीची परतीची मुदत पुष्कळ दुकानं जानेवारीपर्यंत वाढवतात, पण ती तारीख पावतीवर वाचून घ्या.

वाहिन्या येऊ लागल्या की त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांच्या आवडीच्या पाच-सहा वाहिन्या बटणांवर साठवून द्या. शेकडो वाहिन्यांची यादी चालत्या गाडीत कुणी चाळू नये. सोबतच्या शुभेच्छापत्राच्या पाठीमागे मी मराठीत चार ओळी लिहिते: रेडिओ आयडी, वर्गणी कुठपर्यंत भरली आहे, कुठल्या बटणावर काय, आणि आवाज गेला तर आधी टपावरचा बर्फ झाडा. भाऊजींनी ते कार्ड सनव्हायजरला अडकवून ठेवलंय.